ग्रंथालयाचा नंबर

कुठलाही व्हॉट्सॲप ग्रुप उघडण्याआधी गूगल मॅप्सवर आपल्या वाचनालयाचं नाव टाकून पाहा. पुष्कळदा वाचनालय सापडतच नाही. सापडलं तर त्याची खूण मागच्या गल्लीत रोवलेली असते. आणि जागा बरोबर निघाली तर वेळ चुकीची असते. आपली बरीचशी सार्वजनिक वाचनालयं सकाळी काही तास उघडी, दुपारी बंद आणि संध्याकाळी पुन्हा उघडी असतात. नकाशावर मात्र कुणा हौशी माणसानं ‘सकाळी ९ ते रात्री ८’ असं टाकून ठेवलेलं असतं. त्यावर भरवसा ठेवून दुपारी दोनला आलेला नवा माणूस कुलूप बघून जातो. गावात नव्यानं बदलून आलेला बँकेतला कारकून, सासरी आलेली वाचणारी सून, भाड्याच्या खोलीत राहणारा विद्यार्थी, ही माणसं वाचनालय कुठे आहे हे शेजाऱ्याला विचारत नाहीत, फोनला विचारतात. फोननं चुकीचं सांगितलं की विषय तिथेच संपतो.

गूगलचं ‘बिझनेस प्रोफाइल’ फुकट आहे. त्यात संस्थेच्या नावानं नोंद करून पडताळणी झाली की माहिती तुमच्या हाती येते. एकाच दिवसाच्या दोन वेळा देता येतात, म्हणजे सकाळची वेगळी आणि संध्याकाळची वेगळी. साप्ताहिक सुट्टी टाका, दिवाळी-गणपतीच्या सुट्ट्या त्या त्या वेळी टाका. फोटो टाकताना उद्घाटनाचा, हारतुऱ्यांचा नको. रस्त्यावरून दिसणाऱ्या प्रवेशाचा टाका. आपली निम्मी वाचनालयं दुकानांच्या वरच्या मजल्यावर असतात आणि जिना नेमका पानपट्टीच्या आड असतो. वर्गणी किती, अनामत किती, ओळखपत्र कोणतं लागतं, एवढं लिहिलं की पुरे. लोकांनी लिहिलेल्या अभिप्रायांना उत्तर द्या, विशेषतः तक्रारींना. ‘पंखे बंद असतात’ असं कुणी लिहिलं असेल आणि आता पंखे दुरुस्त झाले असतील, तर तसं तिथेच सांगा.

समाजमाध्यमं म्हटली की फेसबुक, रील, लाइव्ह असं काहीबाही डोळ्यांसमोर येतं आणि कार्यकारिणीतले ज्येष्ठ सभासद दचकतात. त्यांचं दचकणं मला काही अगदीच चुकीचं वाटत नाही. वाचनालयानं तंत्रज्ञान वापरायचं ते दोन कारणांसाठी: येऊ इच्छिणाऱ्याला येता यावं, आणि वाचकानं काही विचारलं तर त्याला उत्तर मिळावं. या दोन्हींत जे बसत नाही ते सोडून दिलं तरी चालतं.

दुसरं काम सिमकार्डाचं. वाचनालयाचा म्हणून जो नंबर लोकांकडे असतो तो बहुधा ग्रंथपालाचा किंवा कार्यवाहांचा खासगी असतो. मग रात्री दहाला ‘ताई, अमुक पुस्तक आहे का हो’ असा फोन येतो, आणि त्या ताई निवृत्त झाल्या की वाचकांचं सगळं गणगोत त्यांच्यासोबत घरी जातं. संस्थेच्या नावावर वेगळं सिम घ्या आणि एखादा जुना स्मार्टफोन देवघेवीच्या टेबलावर कायमचा ठेवा. तो घरी न्यायचा नाही. त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप घाला. तेही फुकट आहे. वेळा, पत्ता, नेहमीच्या प्रश्नांची तयार उत्तरं त्यात साठवता येतात, संभाषणांना रंगीत लेबलं लावता येतात. वाचनालय बंद असताना आपोआप जाणारा निरोपही त्यात असतो. तो असा ठेवता येईल: ‘वाचनालय आता बंद आहे. उद्या सकाळी आठला उघडल्यावर उत्तर देऊ. पुस्तक राखून ठेवायचं असेल तर नाव लिहून ठेवा.’ या एका निरोपानं ग्रंथपालाची रात्र त्याची त्याला परत मिळते.

रिचार्जची तारीख मात्र कुणाच्या तरी डायरीत हवी. बराच काळ रिचार्ज झालं नाही तर नंबर बंद पडतो आणि पुढे तो दुसऱ्या कुणाला दिला जातो. मग वाचक ‘नवे दिवाळी अंक आले का?’ असं विचारतात आणि पलीकडून एखादा ट्रॅक्टर दुरुस्तीवाला उत्तर देतो.

या सगळ्या सूचना देताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. महाराष्ट्रातली बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयं १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता आणि अनुदान घेतात, पण ती चालवतात स्थानिक संस्था. अ, ब, क, ड असे त्यांचे दर्जे आहेत आणि अनुदान दर्जानुसार मिळतं. ‘ड’ दर्जाच्या वाचनालयात माणूस बहुधा एकच असतो. तोच ग्रंथपाल, तोच लेखनिक, तोच केर काढतो, आणि त्याचा पगार इतका तुटपुंजा असतो की तो आकडा छापायलाही संकोच वाटावा. अशा माणसावर ‘आता फेसबुक पण बघ’ असं काम लादणं अन्याय आहे. म्हणून सल्ला असा की एकच माध्यम घ्या आणि ते नीट चालवा. आपल्याकडे ते एक माध्यम म्हणजे व्हॉट्सॲप, कारण सत्तरीतले गुरुजी आणि बारावीतली मुलगी दोघंही तिथे आहेत.

ग्रुप, यादी की चॅनेल

इथे बहुतेकांची गाडी घसरते. वर्गणीदारांची वही काढायची, सगळे नंबर एका ग्रुपमध्ये कोंबायचे आणि ‘स्वागत आहे’ म्हणायचं. पहिल्या दिवशी तीसजण हात जोडतात. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाची चित्रं सुरू होतात, आठवड्याभरात कुणीतरी राजकीय व्हिडिओ टाकतो, दोघं भांडतात आणि शहाणी माणसं आवाज बंद करून टाकतात. त्याहून वाईट म्हणजे गावातल्या प्रत्येक वर्गणीदार मुलीचा, बाईचा नंबर सगळ्या गावाला दिसतो. पुस्तकासाठी दिलेला नंबर असा उघडा पडला आणि नको ते संदेश येऊ लागले, तर ती वाचक परत यायची नाही आणि तक्रारही करायची नाही.

त्यामुळे सुरुवात ब्रॉडकास्ट यादीनं करा. एका यादीत २५६ क्रमांक बसतात. संदेश प्रत्येकाला एकेकट्यानं मिळतो, कुणाचा नंबर कुणाला दिसत नाही, आणि वाचकानं उत्तर दिलं तर ते फक्त वाचनालयाला येतं. देवघेवीच्या खिडकीवर जसं बोलणं होतं तसंच हे आहे. यात एक अट आहे: ज्याच्या फोनमध्ये वाचनालयाचा नंबर साठवलेला असेल त्यालाच हा संदेश पोचतो. पुष्कळजण याला अडचण मानतात. मला ती सोय वाटते. वर्गणी भरायला माणूस आला की पावती फाडतानाच त्याच्या फोनमध्ये वाचनालयाचा नंबर साठवून घ्या आणि त्याच्याकडूनच ‘नमस्कार’ एवढा निरोप येऊ द्या. ज्यानं नंबर साठवला त्यानं संमती दिली, असा हा सरळ व्यवहार आहे. ज्याला नको असेल त्याला काही जातच नाही.

वाचकसंख्या मोठी असेल, शहरातलं वाचनालय असेल, तर व्हॉट्सॲप चॅनेल उपयोगी पडतं. भारतात ही सोय सप्टेंबर २०२३ पासून मिळाली. त्यात अनुसरणाऱ्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत आणि संख्येची अडचणही येत नाही. पण तो जवळजवळ एकतर्फी मामला आहे. त्यामुळे चॅनेलवर टाकलेल्या प्रत्येक मजकुराखाली वाचनालयाचा नंबर असू द्या, म्हणजे विचारणारा विचारू शकेल. ‘कम्युनिटी’ ही तिसरी सोय. तिच्यात घोषणांचा एक मुख्य ग्रुप आणि त्याखाली बालविभाग, अभ्यासिका, वाचककट्टा असे छोटे ग्रुप ठेवता येतात.

खरा ग्रुप, म्हणजे सगळ्यांनी सगळ्यांशी बोलायचा, तो फक्त वाचककट्ट्यासाठी ठेवा. तिथे स्वतःहून आलेले पंधरा-वीसजण पुरतात. नियम दोनच: वाचलेल्या पुस्तकाबद्दल बोला, आणि फॉरवर्ड केलेलं काही टाकू नका. नियम मोडणाऱ्याला पहिल्यांदा खासगीत सांगा. दुसऱ्यांदा काढून टाका, मग तो माजी अध्यक्ष असला तरी. ग्रुपमध्ये कुणी काही आक्षेपार्ह टाकलं तर ॲडमिन म्हणून आपण अडकू, अशी भीती कार्यकारिणीत हमखास निघते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये एका गोंदियातल्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे की, समान हेतू दिसत नसेल तर सभासदाच्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही. तेव्हा घाबरून ग्रुपच बंद ठेवण्याचं कारण नाही. मजकूर दिसल्याबरोबर काढायचा, एवढं भान मात्र ठेवायचं.

‘लाभ घ्यावा’ कुणालाच आवडत नाही

आता मुख्य गोष्ट: लिहायचं काय? वाचनालयांचे संदेश फळ्यावरच्या सूचनेतून जसेच्या तसे उचललेले असतात. ‘ग्रंथालयात नवीन ५० पुस्तके दाखल झाली आहेत. वाचकांनी लाभ घ्यावा.’ हा संदेश वाचून आजवर कुणी चप्पल घालून बाहेर पडलं असेल असं वाटत नाही. कोणती पन्नास? कुणासाठी? माझ्यासाठी त्यात काय? यातलं काहीच त्यात नाही.

ग्रंथपालाजवळ एक ज्ञान असतं, जे कुठल्याही ऑनलाइन दुकानाजवळ नसतं. आपल्या गावात कोण काय वाचतं हे त्याला माहीत असतं. तेच संदेशात उतरू द्या. धरणग्रस्तांची वसाहत असलेल्या गावात असं लिहिता येईल: ‘ज्यांची गावं पाण्याखाली गेली त्यांच्या घरात कुणीतरी एकानं वाचावी अशी कादंबरी: विश्वास पाटील यांची झाडाझडती. पुनर्वसनाच्या कागदांमागची माणसं इथे भेटतात. एकच प्रत आहे. हवी असेल तर राखा एवढंच लिहून पाठवा.’ जाड पुस्तकाला बिचकणाऱ्यांसाठी: ‘व्यंकटेश माडगूळकरांची बनगरवाडी. माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीवर गेलेला कोवळा मास्तर. पानं थोडी आहेत, दोन संध्याकाळी पुरतात.’ ज्या घरातला मुलगा सीमेवर आहे त्या घराला प्रभाकर पेंढारकरांचं ‘रारंगढांग’ सुचवावं. हिमालयात रस्ता बांधणाऱ्यांची ती गोष्ट आहे. एका संदेशात एकच पुस्तक द्या. मुखपृष्ठाचा फोटो आपल्या टेबलावर, आपल्याच खिडकीच्या उजेडात काढलेला हवा. इंटरनेटवरून उचललेलं चकचकीत चित्र टाकलं की ते जाहिरातीसारखं दिसतं, आणि जाहिरातीवर अंगठा थांबत नाही.

‘राखा’ हा शब्द साधा वाटतो, पण सगळी योजना त्यावर उभी आहे. वाचकानं तो लिहिला की पुस्तक कपाटातून काढायचं, त्यात नावाची चिठ्ठी घालायची, टेबलामागच्या एका फळीवर दोन दिवस ठेवायचं आणि ‘ठेवलं आहे, गुरुवारी संध्याकाळपर्यंत’ असं उलट कळवायचं. ही फळी भरलेली दिसू लागली की समजावं, जमलं. राखून ठेवलं म्हणून सांगितलेलं पुस्तक दुसऱ्यालाच दिलं गेलं, असं एकदा जरी झालं तरी सगळी कमाई धुऊन जाते. म्हणून ही फळी ठरवल्याशिवाय पहिला संदेश पाठवूच नका.

आठवड्याला दोन संदेश पुरेत, वार आणि वेळ ठरवून. संध्याकाळची पाळी उघडण्याच्या तासभर आधीची वेळ चांगली, कारण लगेच निघता येतं. कुणाच्या जयंती-पुण्यतिथीला फोटोला हार घालून टाकायचा असेल तर जरूर टाका, पण त्या लेखकाचं आपल्या कपाटातलं एक तरी पुस्तक सोबत असू द्या. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन या तारखांना सगळेच एकसारखं काहीतरी पाठवतात. त्या दिवशी गप्प राहिलात तरी कुणाला चुकल्यासारखं वाटणार नाही.

डोळे अधू झालेल्या वाचकांची यादी वेगळी करा आणि त्यांना लिहू नका, बोला. मिनिटभराचा आवाजी निरोप ठेवा: ‘नमस्कार काका, नवी दोन आत्मचरित्रं आली आहेत, अक्षर मोठं आहे.’ ज्यांना जिना चढवत नाही त्यांच्याकडे पुस्तक पोचवणारा एखादा शाळकरी स्वयंसेवक बहुतेक गल्ल्यांत सापडतो.

‘आमची यादी संगणकावर नाही, मग वाचकाला पुस्तक आहे की नाही हे कसं सांगणार?’ असा प्रश्न येतो. संगणक असेल तर राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं ‘ई-ग्रंथालय’ आहे, मुक्त स्रोतातलं ‘कोहा’ आहे. दोन्हींवर वाचकाला घरबसल्या यादी पाहता येईल अशी व्यवस्था करता येते. पण ते होईपर्यंत थांबायचं कारण नाही. दर आठवड्याला एका कपाटाचा, पुस्तकांच्या पाठी वाचता येतील असा फोटो काढून पाठवा. कुलूपबंद काचेच्या कपाटात वर्षानुवर्षं कोंडलेली पुस्तकं लोकांना दिसतात, आणि ‘तिसऱ्या ओळीतलं ते निळं कोणतं?’ असे प्रश्न येऊ लागतात. शेल्फावरची धूळही फोटोत दिसते म्हणून ती पुसली जाते, हा आणखी एक फायदा.

खरेदीच्या वेळी मतदानाची सोय वापरा. व्हॉट्सॲपच्या एका पोलमध्ये बारा पर्यायांपर्यंत जाता येतं. ‘कोणती पुस्तकं घेऊ?’ असं मोकळं विचारलंत तर दोनच जण बोलतील, तेही स्वतःच्या भाच्याच्या कवितासंग्रहासाठी. पुस्तक निवड समितीनं आठ-दहा नावं काढावी आणि मग विचारावं. खरेदी झाल्यावर काय घेतलं, काय घेतलं नाही आणि का, हेही कळवावं. मत विचारून पुढे गप्प बसणं हे न विचारण्यापेक्षा वाईट.

अनोळखी चेहरे

जानेवारी २००८ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं आपल्या संग्रहातले तीन हजारांवर जुने फोटो फ्लिकर या संकेतस्थळावर ठेवले आणि लोकांना म्हटलं, यातलं तुम्हाला काय ओळखता येतं ते सांगा. त्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे एका वृत्तसंस्थेचे फोटो होते. कित्येकांवर नाव अर्धवट किंवा चुकीचं होतं, जागा माहीत नव्हती. लोकांनी जुनी वर्तमानपत्रं धुंडाळली, इमारती ओळखल्या, खेळाडूंची नावं लावली. ग्रंथालयातल्या माणसांनी ती माहिती तपासली आणि पटली तेव्हा आपल्या सूचीत दुरुस्ती केली. जगातल्या सगळ्यात मोठ्या ग्रंथालयांपैकी एकानं ‘आम्हाला ठाऊक नाही, तुम्ही सांगा’ असं म्हटलं, ही मला त्यातली शिकण्यासारखी गोष्ट वाटते.

आपल्याकडे ही सोय गावोगाव आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. जुन्या वाचनालयांच्या माळ्यावर व्याख्यानमालांचे, वार्षिक सभांचे, पाहुण्यांच्या भेटीचे फोटो गठ्ठ्यानं पडलेले असतात. मधल्या खुर्चीवरचा पाहुणा ओळखू येतो, पण मागे उभे असलेले बाराजण कोण? पन्नास वर्षांचं जुनं वाचनालय असलं तरी असे फोटो निघतातच. दर रविवारी एक फोटो पाठवा आणि चेहऱ्यांना आकडे देऊन विचारा. ‘पाच नंबरचे माझे आजोबा’ असं उत्तर येईल, पाठोपाठ त्याच समारंभाचा दुसरा फोटो कुणाच्या तरी ट्रंकेतून निघेल. पुण्यामुंबईत गेलेली, दुबईत किंवा न्यू जर्सीत असलेली गावची माणसं एरवी तुमच्या संदेशांकडे ढुंकून बघणार नाहीत. या फोटोंना ती उत्तर देतील. पुढे कपाट किंवा पंखा हवा असेल तर कुणाकडे शब्द टाकायचा, हेही त्यातून कळतं.

दोन पथ्यं पाळा. मिळालेली नावं दोघांकडून पडताळल्याशिवाय वहीत पक्की करू नका, कारण आठवणी एकमेकींत मिसळतात. आणि मूळ फोटो कुणालाही घरी देऊ नका. तिथेच फोनवर फोटो काढून घ्या. फोटोच्या मागे लिहिलेलं असेल तर त्या बाजूचाही.

पीडीएफ मागणाऱ्याला काय सांगायचं?

नंबर सर्वांकडे गेला की आठवडाभरात हा प्रश्न येतोच: ‘सर, याची पीडीएफ आहे का?’ अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं तर टेलिग्रामवरून उतरवलेल्या पुस्तकांवरच वाढलेली असतात. इथे वाचनालयानं स्पष्ट राहायला हवं. भारतात लेखकाच्या हयातीत प्रकाशित झालेल्या साहित्याचा स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो आणि ही साठ वर्षं पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजतात. वि. स. खांडेकर १९७६ मध्ये गेले, त्यांची पुस्तकं २०३६ अखेरपर्यंत हक्काखाली आहेत. पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले, म्हणजे २०६० अखेरपर्यंत. अशा पुस्तकांची पीडीएफ वाचनालयाच्या नंबरावरून गेली तर ज्या प्रकाशकांची पुस्तकं विकत घेऊन आपण कपाटं भरतो त्यांच्याच पोटावर आपण पाय देतो.

उलट हरि नारायण आपटे १९१९ मध्ये गेले, साने गुरुजी १९५० मध्ये. त्यांचं लेखन मुक्त आहे. मराठी विकिस्रोतावर असं बरंच मुक्त साहित्य वाचायला मिळतं, त्याचा दुवा बिनधास्त पाठवा. मे महिन्याच्या सुट्टीत ‘श्यामची आई’ची रोज एक रात्र कुणी चांगल्या आवाजात वाचून पाठवली तर ते कायद्यातही बसतं आणि मुलांनाही आवडतं. नव्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि चित्रं मात्र दुसऱ्या कुणाची असू शकतात, ती सोडून द्यावीत.

अभ्यासिकेच्या मुलांचा ग्रुप वेगळा ठेवा आणि तो त्यांनाच चालवू द्या. परीक्षेच्या तारखांच्या अफवा तिथे वाऱ्यासारख्या पसरतात, म्हणून आयोगाच्या अधिकृत संकेतस्थळावरचीच सूचना टाकायची, एवढी अट घाला. ही मुलं रोज सहा-सात तास वाचनालयात असतात आणि कथा-कादंबरीच्या कपाटाकडे पाठ करून बसतात. त्यांना फोन, ॲप, फोटो यातलं सगळं येतं. आठवड्यातला एक संदेश तयार करण्याचं काम त्यांच्यातल्या एकाला दिलं की त्या निमित्तानं तो एक तरी पुस्तक उघडतो.

वाचकाच्या खासगीपणाबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही, म्हणून इथे ठासून सांगतो. कोण काय वाचतं हे वाचनालयाच्या बाहेर जाता कामा नये. घटस्फोटाच्या कायद्यावरचं, दारू सोडण्याबद्दलचं, आजाराबद्दलचं पुस्तक कुणी नेलं तर ते त्याच्या आणि ग्रंथपालाच्या मधलं. परतीची तारीख उलटलेल्यांची यादी ग्रुपवर कधीही टाकू नका. एकेकट्याला सौम्य निरोप पाठवा. ‘महिन्याचा उत्तम वाचक’ निवडायचा तर आधी त्याला विचारा. मुलांच्या बाबतीत जास्त जपा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. तेव्हा बालविभागाच्या यादीत पालकांचे नंबर ठेवा. चित्रकलेच्या स्पर्धेचे फोटो टाकताना चेहऱ्यांऐवजी चित्रं टाका.

फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब यांच्याकडे वळायचं तर वर्षभर व्हॉट्सॲप नीट चालल्यावर. फेसबुकवर संस्थेचं पान असावं, कुणा व्यक्तीच्या नावाचं खातं नको, आणि पानाचे चालक किमान दोघं असावेत. यूट्यूबवर व्याख्यान टाकायचं तर वक्त्याची लेखी परवानगी घ्या आणि कॅमेऱ्याआधी माइकवर खर्च करा. धूसर चित्र लोक सहन करतात, घुमणारा आवाज करत नाहीत. इन्स्टाग्राम तरुणांचं आहे, ते तरुणांनाच चालवू द्या.

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाची बेटं आहेत. सगळ्या बेटांची मिळून लोकसंख्या वीस-बावीस हजार. तिथल्या किर्कवॉल गावचं ग्रंथालय ट्विटरवर त्याच्या कोरड्या, खोडकर विनोदामुळे इतकं गाजलं की त्याला अनुसरणारे बेटांच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट झाले. तिथे ग्रंथालयातला माणूस स्वतःच्या आवाजात बोलतो, अधिकाऱ्याच्या आवाजात बोलत नाही. कोल्हापुरातल्या वाचनालयानं कोल्हापुरी बोलावं आणि मालवणातल्यानं मालवणी, यात काहीच गैर नाही. पण पसंतीच्या अंगठ्यांवर जीव लावू नका. जगभरातून हजार अंगठे आले आणि देवघेव तेवढीच राहिली, तर अनुदानाच्या तपासणीत ते अंगठे दाखवता येणार नाहीत. नव्या सभासदाच्या अर्जावर ‘वाचनालयाबद्दल कसं कळलं?’ असा रकाना वाढवा आणि राखीव फळीवरून महिन्याला किती पुस्तकं गेली ते वहीत लिहा. या दोन आकड्यांपलीकडे तिसरा लागत नाही.

फोनशिवाय वाचणारा माणूसही असतो, हे विसरू नका. जे संदेश जातात ते मोठ्या अक्षरांत दाराशी फळ्यावरही लागू द्या. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम पाहा. पुस्तकांची पेटी वाचकांच्या एका गटाकडे जाते, तिथली वाचून झाली की गटागटांत पेट्यांची अदलाबदल होते. हा उपक्रम थेट दुबईपर्यंत पोचला. फोन तिथे पेटी कुठे आहे हे विचारण्यापुरता लागतो. मोठ्या गृहसंकुलात किंवा वाडीवस्तीवर अशी एक पेटी आणि तिथला एक समन्वयक, इतकी जोडणी तुमच्या यादीतूनच करता येईल.

कार्यकारिणीच्या पुढच्या सभेत एक ठराव घ्या. नंबर, व्हॉट्सॲप, गूगलची नोंद आणि फेसबुकचं पान ही संस्थेची मालमत्ता आहे, त्यांचे पासवर्ड आणि पिन बंद पाकिटात कार्यवाहांकडे राहतील, पदाधिकारी बदलले की दप्तराबरोबर ते पाकीटही सोपवलं जाईल, आणि संदेश कोण पाठवेल, तो नसेल तेव्हा कोण. पिन म्हणजे व्हॉट्सॲपचा दुहेरी पडताळणीचा सहा आकडी पिन. तो लावलेला नसेल तर ओटीपी विचारणाऱ्या एका फोनवर सगळं खातं जाऊ शकतं. निवडणुकीत पॅनेल पडलं आणि जुन्या कार्यवाहांनी पानाची किल्ली द्यायला नकार दिला, असे प्रसंग सहकारी संस्थांत घडतात तसे वाचनालयांतही घडतात.

सुरुवातीला दिवाळीच्या आधीचा महिना गाठा. दिवाळी अंकांच्या योजनेची वेगळी वर्गणी भरायला एरवी न फिरकणारे वाचकही येतात. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून हा मराठी माणसाचा ठरलेला मोसम आहे. खिडकीवर रांग असतानाच नंबर साठवून घ्या. अंक येतील तसे मुखपृष्ठांचे फोटो पाठवा, कोणता अंक कधी मोकळा होईल ते कळवा, आणि ‘राखा’ लिहिणाऱ्यांची फळी त्याआधी रिकामी करून ठेवा.